न्यायमूर्तींच्या दालनातले एक वर्ष

ट्रॉम्बे कोळीवाड्यातून किंवा चीता कॅम्पमधून कोर्टाच्या कामाला निघालेला माणूस बसने मानखुर्दला येतो आणि हार्बरची गाडी पकडतो. फौजदारी मामला असेल तर तो बहुधा कुर्ल्याला उतरतो, कारण या भागातले खटले कुर्ल्याच्या दंडाधिकारी न्यायालयात उभे राहतात. घर पाडण्याची नोटीस, पुनर्वसन, कारखान्यांचे प्रदूषण असा विषय असेल आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले असेल, तर त्याला थेट सीएसएमटीला जाऊन हुतात्मा चौकावरून ओव्हल मैदानाच्या दिशेने चालावे लागते. या भागातली एखादी मुलगी कायद्याची पदवी घेते, तेव्हा वकिली कुर्ल्याला सुरू करायची की फोर्टमध्ये एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये, हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. अलीकडे त्यात तिसरा पर्याय आला आहे. तो म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे वर्षभर 'लॉ क्लार्क' म्हणून काम करण्याचा.

घरी हे सांगितले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "पाच वर्षे शिकून क्लार्क होणार?" प्रश्नात अज्ञान आहे, पण तो अगदीच चुकीचाही नाही. वर्षभराच्या करारानंतर हातात नोकरी नसते, पक्षकार नसतात आणि बरोबरीची मुले एक वर्ष पुढे गेलेली असतात. मग हे वर्ष द्यावे की नाही? या लेखात त्याचा हिशेब मांडायचा आहे, आणि तो पहिल्या पिढीत वकिलीत येणाऱ्या मुलामुलींच्या बाजूने मांडायचा आहे.

क्लार्क, पण कुठला?

आपल्याकडे कोर्टाच्या आवारात 'क्लार्क' नावाची माणसे अनेक आहेत. वकिलाचा क्लार्क प्रकरणे दाखल करतो, तारखा ठेवतो, रजिस्ट्रीतल्या हरकती दूर करतो. मुंबईत अनुभवी क्लार्कवर कित्येक मोठ्या वकिलांची वकिली उभी असते. न्यायालयाचे स्वतःचे कर्मचारी वेगळे. लॉ क्लार्क या दोहोंपैकी कोणी नाही. तो न्यायमूर्तींचा वाचन-सहायक आणि संशोधन-सहायक असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या योजनेत या पदाचे पूर्ण नावच 'लॉ क्लार्क-कम-रिसर्च असोसिएट' असे आहे.

उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींच्या बोर्डावर दिवसाला कित्येक प्रकरणे असतात. लॉ क्लार्क दुसऱ्या दिवशीच्या फाइली आदल्या दिवशी वाचून प्रत्येकीचे टिपण करतो : पक्षकार कोण, वाद काय, खालच्या न्यायालयाने काय ठरवले, कोणत्या तारखेला कोणता आदेश झाला, आज नेमकी मागणी काय आहे. सुनावणीच्या वेळी तो कोर्टात बसतो आणि दोन्ही बाजूंचे मुद्दे टिपतो. वकिलांनी दाखवलेले जुने निकाल खरोखर तेच सांगतात का, पुढे ते मोठ्या पीठाने बदलले आहेत का, हे तपासतो. निकालपत्राचा मसुदा तयार झाला की त्यातल्या तारखा, कलमे आणि उतारे मूळ कागदांशी ताडून पाहतो. निर्णय मात्र न्यायमूर्तींचाच असतो. मुंबईत भर कोर्टात लघुलेखकाला आदेश तोंडी सांगण्याची जुनी पद्धत आजही चालू आहे, आणि ते ऐकणे हेच पहिल्या महिन्यातले सर्वांत मोठे शिक्षण असते.

दोन परंपरा

ही पद्धत मूळची अमेरिकेची. होरेस ग्रे मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात असताना हार्वर्डच्या ताज्या पदवीधरांना वर्ष-दोन वर्षे मदतनीस म्हणून घेत आणि त्यांचा पगार स्वतःच्या खिशातून देत. १८८२ मध्ये ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ही प्रथाही तिथे गेली. पुढे नामवंत न्यायमूर्ती झालेले लुई ब्रँडाइस हे त्यांच्या मॅसॅच्युसेट्समधल्या मदतनिसांपैकी एक. आज तिथे सर्वोच्च न्यायालयाची क्लार्कशिप म्हणजे वकिलीतला सर्वांत चमकदार शिक्का मानला जातो. विद्यमान सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स हे पूर्वीचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांचे क्लार्क होते आणि रेनक्विस्ट स्वतः न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे.

पण हे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. १९६० मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांची शिफारस न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याकडे झाली होती. वर्गात अव्वल असूनही त्या बाई असल्यामुळे त्यांना घेतले गेले नाही. त्या काळात त्यांना न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीशांकडे काम मिळाले होते, तेही एका प्राध्यापकाने फार नेट लावल्यावर. पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयात त्या न्यायमूर्ती झाल्या. क्लार्कशिपच्या इतिहासात गुणवत्तेइतकाच ओळखीचाही वाटा राहिला आहे, एवढे यातून लक्षात ठेवावे.

मुंबईची परंपरा वेगळी होती. इथे तरुण वकील न्यायाधीशांच्या दालनात जात नसे, तो ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये बसे. मोतीलाल सेटलवाड भुलाभाई देसाई यांच्या चेंबरमध्ये शिकले आणि पुढे भारताचे पहिले महान्यायवादी झाले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश झालेले एम. सी. छागला जिना यांच्या चेंबरमध्ये होते. अशा चेंबरमध्ये पैसे मिळत नसत, वाचायला ब्रीफ मिळे. ज्याच्या घरी काही वर्षे कमाईशिवाय चालू शकत होते, त्याला हे परवडे.

ज्याला ते परवडत नव्हते त्याचे काय होत असे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सुरुवातीच्या वर्षांत दिसते. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. जगातल्या उत्तम विद्यापीठांच्या पदव्या हाती होत्या, पण ब्रीफ देणारे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे वळत नव्हते. १९२५ पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसार चालवला. १९२६ मध्ये पुण्यातल्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांचा यशस्वी बचाव केला, तेव्हा वकील म्हणून त्यांचे नाव झाले. वकिलीची पहिली तीन-चार वर्षे कशी तगायची, हा प्रश्न शंभर वर्षांनीही पुष्कळांसाठी तोच आहे.

पैशाचा हिशेब

म्हणून आधी पैशाचेच बोलू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या योजनेत लॉ क्लार्कचे एकत्रित मानधन दरमहा ८०,००० रुपये होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत ते ६५,००० रुपये होते. दुसरीकडे चेंबरमधल्या ज्युनियरला किती मिळावे याचा कायदा नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. पहिल्या वर्षी प्रवासखर्चापुरतेच पैसे मिळालेले ज्युनियर कोणत्याही बार रूममध्ये भेटतील.

शिरकावाचा खर्च थोडा कमी झाला आहे. सनद देताना राज्य बार कौन्सिलांनी कायद्यात सांगितलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवले. त्याआधी हीच रक्कम अनेक राज्यांत हजारोंच्या घरात होती.

ज्या घरात शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू आहे, तिथे ६५,००० रुपयांचे बारा महिने फार मोठे असतात. मात्र हा पगार करारासोबत संपतो आणि तेराव्या महिन्यात उत्पन्न पुन्हा ज्युनियरच्या पातळीवर येते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या माजी क्लार्कला बड्या फर्म रुजू होतानाच काही लाख डॉलर बोनस देतात. आपल्याकडे तसा बाजार नाही. म्हणून या वर्षातला काही पैसा पुढच्या सहा-आठ महिन्यांसाठी बाजूला ठेवणे हा योजनेचाच भाग समजावा. मिळेल तो पगार घरखर्चात जिरला, तर करार संपताच पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते आणि कोर्ट हातचे जाते.

फाइल वाचायला शिकणे

दालनात शिकण्यासारखे काय असते, याचे उदाहरण ट्रॉम्बेच्या शेजारीच आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींमध्ये नेण्यात आले. आजूबाजूला तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले होते. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने, माहुलला जाण्याची सक्ती न करता कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला.

अशी फाइल उघडली की शेकडो पाने समोर येतात : याचिका, महापालिकेचे शपथपत्र, राज्य सरकारचे शपथपत्र, प्रदूषणाचे अहवाल, न्यायाधिकरणाचा आदेश, प्रत्युत्तर, पुन्हा जादा शपथपत्र. महाविद्यालयात आपण संपलेला निकाल वाचतो. तिथे वस्तुस्थिती दोन परिच्छेदांत नीट मांडलेली असते. फाइलीत ती मांडलेली नसते, शोधावी लागते. कोणते विधान कुणी शपथेवर केले, कोणते नाकारले, कोणत्या मुद्द्यावर दुसरी बाजू गप्प राहिली, आणि न्यायालयाला आज देता येईल असा आदेश नेमका कोणता, हे काढता येणे म्हणजे फाइल वाचणे. चेंबरमध्येही हे शिकता येते, पण तिथे आपण एका बाजूचे असतो आणि वर्षभरात मोजकी प्रकरणे खोलात पाहतो. दालनात दोन्ही बाजू रोज आणि शेकड्यांनी समोर येतात. चांगली याचिका आणि वाईट याचिका यांतला फरक तीन महिन्यांत नजरेत बसतो. पहिल्या चार पानांत मागणी न सांगणाऱ्या वकिलाचे काय होते, तारखांचा तक्ता जोडणाऱ्याचे काम कसे सोपे होते, हे न्यायाधीशांच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही.

या कामाचा काही भाग आता यंत्रही करू लागले आहे. सारांश काढणारी, निकाल शोधून देणारी साधने वकिलांच्या हाती आली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून, निर्णय किंवा त्याची कारणे ठरवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता येणार नाही, असे स्पष्ट केले. यंत्राने दिलेला निकाल अस्तित्वात तरी आहे का, हे मूळ प्रत उघडून पाहणारा माणूस त्यामुळे अधिक गरजेचा झाला आहे.

दालनात जे मिळत नाही

पक्षकार मिळत नाही, ही पहिली उणीव. रात्री अकराला फोन करून "साहेब, पोराला उचललंय" असे सांगणाऱ्या बापाशी कसे बोलावे, त्याच्याकडून खरी हकिगत कशी काढावी, फी कशी सांगावी, हे दालनात शिकता येत नाही. साक्षीदार भेटत नाही, ही दुसरी. उच्च न्यायालयाचे बहुतेक काम कागदांवर आणि इंग्रजीत चालते. खटला मात्र खालच्या न्यायालयात उभा राहतो. उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरवलेली आहे, आणि कुर्ल्याच्या पिंजऱ्यातला साक्षीदार मराठीत किंवा मुंबईच्या हिंदीत बोलतो. त्याची उलटतपासणी कुठे थांबवायची, हे उभे राहून चुका केल्याशिवाय येत नाही.

तिसरी उणीव म्हणजे कराराच्या काळात वकिली करता येत नाही. चेंबरमधला ज्युनियर या वर्षात तारीख मागायला का होईना उभा राहतो. कोर्टाचे कर्मचारी आणि विरोधी वकील त्याला ओळखू लागतात. दालनातून बाहेर पडणाऱ्याला हे सारे वर्षभराने, शून्यातून सुरू करावे लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. इंग्रजीचा धाक हा त्यांच्यापैकी अनेकांना उच्च न्यायालयापासून दूर ठेवतो. रोज पन्नास पाने वाचून एका पानाचे टिपण लिहायचे आणि ते दुसऱ्याने तांबड्या शाईने दुरुस्त करून द्यायचे, ही सोय पगारासह देणारी दुसरी जागा सहसा सापडणार नाही. केवळ यासाठीही वर्ष देणे पटण्यासारखे आहे.

२० मे २०२५ नंतर

२०२५ मध्ये या हिशेबात एक नवा आकडा आला. दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी 'ऑल इंडिया जजेस असोसिएशन'च्या प्रकरणात पुन्हा लागू केली. ही अट १९९३ मध्ये आली होती. शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये ती काढली गेली, हुशार पदवीधर थेट न्यायसेवेत यावेत म्हणून. कोर्टात एक दिवसही न उभे राहिलेल्यांना न्यायासनावर बसवण्याचा अनुभव चांगला नाही, असे बहुतेक उच्च न्यायालयांनी कळवल्यावर ती परत आली. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई हे मूळचे अमरावतीचे. त्यांची स्वतःची सुरुवात १९८५ मध्ये माजी महाधिवक्ता राजा भोसले यांच्याकडे काम करण्यातूनच झाली होती.

याच निकालात म्हटले आहे की देशातल्या कोणत्याही न्यायमूर्तींकडे किंवा न्यायिक अधिकाऱ्यांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरले जाईल, आणि वकिलीचा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जाईल. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी क्लार्कशिपचे वर्ष त्यामुळे वाया जाणारे राहिले नाही. नेमणुकीचे पत्र, मुदतवाढीचे आदेश आणि कार्यकाळाचा दाखला मात्र जपून ठेवावा. वकिलीच्या उरलेल्या काळासाठी दहा वर्षे अनुभव असलेल्या वकिलाचे, न्यायालयीन अधिकाऱ्याने दुजोरा दिलेले प्रमाणपत्र चालते, आणि तो वकील आपल्याला रोज कोर्टात पाहणारा असला तरच ते प्रामाणिकपणे मिळते. म्हणून तीनही वर्षे दालनात काढण्याचा मोह धरू नये. अटीमागचे कारण पाहिले तर एक वर्ष दालनात आणि दोन वर्षे खालच्या न्यायालयात, ही वाटणी त्या कारणाला धरून होते.

तोंड बंद ठेवण्याची जबाबदारी

दालनात ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, ही अट करारात असतेच. तिचे वजन कराराच्या मुदतीहून मोठे आहे. रेनक्विस्ट यांनी १९५२ मध्ये क्लार्क असताना शाळांमधल्या वंशभेदाच्या खटल्यावर एक टिपण लिहिले होते. १९७१ मध्ये त्यांची न्यायमूर्ती म्हणून निवड होताना ते बाहेर आले आणि वाद पेटला. ती मते आपली नव्हती, न्यायमूर्ती जॅक्सन यांची होती, असे त्यांनी सांगितले. अनेकांना ते पटले नाही, आणि स्वतः जॅक्सन तेव्हा हयात नव्हते.

वस्तीतून आलेल्या लॉ क्लार्कला हे आणखी जवळून भिडते. ट्रॉम्बेत कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून जनता कॉलनी हलवण्याचे ठरले तेव्हा रहिवासी जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखाली न्यायालयात लढले, दिल्लीपर्यंत गेले. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, वस्ती उठवून चीता कॅम्पला नेण्यात आली. अशा भागात 'कोर्टात काम करते' हे कळले की शेजारी विचारणारच : "आपल्या मॅटरचं काय होणार गं?" उत्तर एकच देता येते, की मला सांगता येत नाही. आपल्या वस्तीची, नातेवाइकाची किंवा पूर्वी काम केलेल्या वकिलाची फाइल समोर आली तर ती उघडण्याआधी न्यायमूर्तींना सांगावे आणि बाजूला व्हावे. करार संपल्यावरही, दालनात हाताळलेल्या प्रकरणात वकील म्हणून उभे राहायचे नसते.

ठरवायचे कसे?

अर्ज भरण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून पाहावीत. पहिला, वर्ष संपल्यावर मी कोणत्या न्यायालयात उभी राहणार? याचे उत्तर नसेल तर क्लार्कशिप म्हणजे निर्णय वर्षभर पुढे ढकलणे ठरते. दुसरा, हे वर्ष आत्ताच का? सर्वोच्च न्यायालयाच्या योजनेत वयाची मर्यादा ३२ पर्यंत आहे, म्हणजे पदवीनंतर लगेचच जायला हवे असे नाही. आधी वर्षभर कुर्ल्यासारख्या न्यायालयात काढलेल्याला फाइलीतल्या जबानीमागचा माणूस दिसतो, आणि मग दालनातले वाचन अधिक उपयोगी पडते. ज्याच्या घरी पैशाची निकड आहे, त्याने मात्र हा क्रम उलटा करण्यात काही चूक नाही. तिसरा, मला शिफारसपत्र हवे आहे की शिक्षण? परदेशी एलएलएमसाठी शिफारसपत्राचा उपयोग होतो, पण त्यासाठी न्यायमूर्तींना आपले काम ठाऊक व्हावे लागते, आणि ते टिपणांतूनच होते. कोणते न्यायमूर्ती मिळतील हे आपल्या हाती नसते. त्यांच्याकडे कोणते विषय असतील तेही मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि ते बदलत राहतात. मिळेल ते वाचायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

निवडीचे दार पूर्वीपेक्षा रुंद झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाची निवड आता वस्तुनिष्ठ परीक्षा, लेखी परीक्षा आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांनी होते, आणि पहिल्या टप्प्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांनाही उच्च न्यायालय जवळ आले.

राहतो तो घरातला प्रश्न : पाच वर्षे शिकून क्लार्क? त्याला उत्तर असे द्यावे, की एक वर्ष न्यायाधीश काय वाचतात ते शिकते आणि मग आपल्या लोकांचे कागद तसे लिहिते. चांगल्या मसुद्याची सर्वांत जास्त टंचाई खालच्या न्यायालयांत आहे. तिथे वाईट लिहिलेला एक अर्ज माणसाला आठवडाभर जास्त कोठडीत ठेवू शकतो, आणि नोटिशीला वेळेत न दिलेले उत्तर घर घालवू शकते. फोर्टमधून परतताना हार्बरच्या गाडीला कुर्ला लागते. दालनात शिकलेले तिथे उतरवले, तर त्या वर्षाची किंमत ट्रॉम्बेतल्या पक्षकाराला कळेल.